फातोर्ड्याचं स्टेडियम: घर फुटबॉलचं, पाहुणे सगळे

बोर्डेकर

परवा ऑफिसात जेवताना एकाने विचारलं, "गोव्यात आंतरराष्ट्रीय क्रिकेट का होत नाही रे?" म्हटलं, होत होतं. आमच्या बोर्ड्याच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर होत होतं. त्याला खरंच वाटेना. मग संध्याकाळी घरी येऊन हे लिहायला बसलो.

मडगावचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. हे नाव तिथे कोणी घेत नाही. रिक्षावाल्याला "नेहरू स्टेडियम" म्हटलंत तर तो क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. "फातोर्डा" म्हणा, झालं काम. (नेहरूंच्या नावाची स्टेडियमं दिल्लीत, चेन्नईत, कोचीत, पुण्यात, शिलाँगला, सगळीकडे आहेत. वेगळं ओळखायला गावाचं नावच उपयोगी पडतं.)

१९८९ साल. नेहरूंच्या जन्मशताब्दीचं वर्ष, त्यामुळे जिकडेतिकडे नेहरू. जानेवारीत फातोर्ड्याचं उद्घाटन झालं आणि लगेच तिथे फुटबॉलचा नेहरू कप. ऑक्टोबरात क्रिकेटचाही नेहरू कप, आणि त्यातला ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका हा सामना फातोर्ड्याला. म्हणजे नेहरू स्टेडियमवर एकाच वर्षात दोन नेहरू कप. मी तेव्हा सहावीत होतो आणि निबंधात या दोन्हींची अशी काही खिचडी केली की बाईंनी वही बाबांना दाखवायला पाठवली.

फुटबॉलचा तो अंतिम सामना हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांच्यात झाला, हंगेरी जिंकली. बाबा मला घेऊन गेले होते. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, मडगावला यायचं म्हणजे कदंबची बस. दुपारपासूनच केटीसी स्टँडवर काणकोण, केपें, सांगें, वास्को, म्हापसा अशा बसमधून माणसं उतरत होती आणि सगळी एकाच दिशेने चालत होती. मला सामना फारसा आठवत नाही. आठवतात त्या सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्या, बाबांनी बुडाखाली घातलेला 'नवहिंद टाइम्स', आणि आमच्या पुढे बसलेला एक म्हातारा पोदेर, म्हणजे पाववाला, जो दर पाच मिनिटांनी हंगेरीच्या गोलकीपरला कोंकणीत सल्ला देत होता.

आता मुद्दा. मैदान बहुउद्देशीय म्हणून बांधलं, पण गोव्यात बहुउद्देशीयचा अर्थ "फुटबॉल, आणि मग उरलं तर बाकीचं". १८८३ मध्ये शिवोलीला विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्रीने हा खेळ आणला असं मानतात. तेव्हापासून भात कापलं की शेतात, नाहीतर चर्चसमोरच्या पटांगणात चेंडू. फातोर्डा होण्याआधी मोठे सामने पणजीच्या कांपालला आणि वास्कोच्या टिळक मैदानावर होत. फातोर्डा आल्यावर पुढच्याच वर्षी, १९९० ला, राज्याराज्यांमधल्या संतोष ट्रॉफीची अंतिम लढत इथे झाली आणि गोव्याने केरळला २-० ने हरवलं. घरच्या मैदानावर संतोष ट्रॉफी! त्या रात्री मडगावात पालिका चौकापर्यंत नुसते भोंगे.

१९९९ ला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामनाही इथेच, भारत २, बांगलादेश ०. गोल बायचुंग भुतियाचा आणि आपल्या ब्रुनो कुतिन्होचा. ब्रुनोच्या गोलाला जो आवाज झाला तो मी स्टेडियमबाहेर ऐकला, कारण तिकीट मिळालं नव्हतं.

आणि मग क्लबांचा काळ. हे गोव्याबाहेरच्या लोकांना सांगितलं की थाप वाटते, म्हणून सगळी नावं देतो. आय-लीग, म्हणजे देशभरातल्या क्लबांची लीग, २००७-०८ ला सुरू झाली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. पहिले सहाच्या सहा हंगाम एवढ्याशा गोव्याने जिंकले. कोलकात्याचे दोन बलाढ्य क्लब बघत बसले. यातले कितीतरी सामने फातोर्ड्यात झाले आणि खरं सांगायचं तर आठवड्यातल्या दुपारी तिथे फार माणसंही नसायची. पाचशे, हजार. पण ते पाचशे म्हणजे परीक्षकच. चुकीचा पास दिला की खेळाडूच्या आईबापांपर्यंत जायचे.

क्रिकेटचं सांगायचं राहिलंच. ते खाली कोणीतरी विचारेलच, तेव्हा लिहितो. कोणाकडे फातोर्ड्याच्या आठवणी असतील तर भर घाला.

केपेंकर

वा बोर्डेकर, जागं केलंत. त्या पोदेरासारखे लोक प्रत्येक स्टँडमध्ये असायचे. आमच्याकडे एक शिक्षक होते, शाळेत मराठी शिकवायचे, 'ज्ञानेश्वरी' घडाघडा म्हणायचे आणि फातोर्ड्यात गेले की जे काही बोलायचे ते इथे लिहिलं तर माझा आयडी जाईल.

सामन्यानंतर बाहेर गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्लं नाही तर सामना पूर्ण झाला असं मी आजही मानत नाही.

पेठी पुणेकर

धागा आवडला, पण बहुउद्देशीय स्टेडियमचं दुखणं आम्हा पुणेकरांना विचारा. स्वारगेटचं आमचं नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचं. १९८४ मध्ये तिथला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, भारत-इंग्लंड. वेंगसरकरने शतक ठोकलं, उत्तरादाखल गॅटिंगने नाबाद शतक ठोकून सामना नेला. माझे काका तो सामना पाहायला गेले होते, आजही "गॅटिंग" म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो.

पण ते स्टेडियम जगाच्या लक्षात राहिलं ते २९ फेब्रुवारी १९९६ ला. वर्ल्ड कप, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. केनिया १६६ सर्वबाद, त्यात सर्वाधिक धावा कोणाच्या, तर अवांतर! लोक म्हणाले, चला, लवकर घरी जाऊ. गेलेच लवकर, कारण वेस्ट इंडिज ९३ मध्ये आटोपलं. लाराचा झेल यष्टिरक्षक तारिक इक्बालने घेतला. त्याच्या हातात तो कसा बसला हे त्यालाही समजलं नसावं. ओडुंबेने १५ धावांत ३ बळी घेतले. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख, आणि त्या दिवशी असा निकाल.

२०१२ ला गहुंजेचं स्टेडियम आलं, मोठे सामने तिकडे गेले. तिकडे जायला हायवे, यायला हायवे, मधे उसाचा रस. स्वारगेटला उतरून चालत जाण्यातली मजा गेली. फातोर्डा निदान फुटबॉलमुळे तरी वापरात राहिलं. तुमचं क्रिकेट का गेलं ते सांगा.

बोर्डेकर

@पेठी पुणेकर, केनियाच्या सामन्याबद्दल लिहून तुम्ही माझा धागा पळवलात, पण माफ.

योगायोग बघा. २००१ च्या ऑस्ट्रेलिया मालिकेत तुमच्याकडे २८ मार्चला सामना झाला (हेमांग बदानीचं एकमेव एकदिवसीय शतक तिथलंच, आणि मार्क वॉने त्यावर पाणी ओतलं तेही तिथेच), आणि मालिका २-२ अशी अडकल्यावर निर्णायक सामना ६ एप्रिलला फातोर्ड्यात. लक्ष्मणची कोलकाता कसोटीतली २८१ धावांची खेळी ताजी होती, तो इथेही १०१ काढून गेला. तरी ऑस्ट्रेलियाने ४ गडी राखून जिंकलं.

पण मडगावकरांना तो सामना लक्ष्मणमुळे आठवत नाही. तिकिटांमुळे आठवतो. जागा होत्या त्याहून जास्त माणसं हातात तिकिटं घेऊन फाटकाशी उभी. बनावट तिकिटं निघाली, प्रकरण पोलिसांत गेलं, कोर्टात गेलं. माझा मामेभाऊ सकाळी सातपासून रांगेत होता, तिकीट खरं असूनही तो दुपारी घरी परत आला आणि टीव्हीवर दुसरा डाव बघितला. तेव्हापासून तो क्रिकेट म्हटलं की उठून जातो.

नंतरही सामने झाले. २००६ ला इंग्लंडविरुद्ध युवराजचं शतक, २००७ च्या व्हॅलेंटाइन डेला श्रीलंकेविरुद्ध झहीरचे पाच बळी. आणि शेवटचा, २४ ऑक्टोबर २०१०, भारत-ऑस्ट्रेलिया. एकही चेंडू पडला नाही. पाऊस. तो पाऊस क्रिकेटला निरोप द्यायलाच आला होता असं आता वाटतं.

(एक सल तेवढा राहतोच. दिलीप सरदेसाई मडगावात जन्मलेला. १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा. ज्या गावाने असा फलंदाज दिला, त्याच गावात क्रिकेट भाडेकरूसारखं राहिलं.)

हिरवळ

थोडी मातीची बाजू सांगतो. मी काही वर्षं मैदानं तयार करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे काम केलं आहे. फातोर्ड्यात नाही, इतरत्र. पण गणित सगळीकडे तेच.

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे वीस मीटरच्या थोडी वर. खाली काळी चिकण माती, वर रोलर फिरवून फिरवून ती सिमेंटसारखी करायची. गवत नावापुरतं. फुटबॉलला याच्या नेमकं उलट हवं. खाली वाळूचा थर, पाणी झरझर खाली जायला पाहिजे, वर दाट मऊ गवत, बूट रुतला पाहिजे पण पाय मुरगळता कामा नये. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, आणि क्रिकेटची पट्टी पडते बरोबर त्याच्या पोटात. मधल्या वर्तुळाच्या आसपास. तिथे चिकण माती असेल तर चेंडू वेगळाच उडतो, पाय घसरतो, घोटे जातात. म्हणून फुटबॉलच्या आधी ती पट्टी झाकायची किंवा उकरून गवत बसवायचं, आणि क्रिकेटच्या आधी पुन्हा उलट. माळी लोक रडकुंडीला येतात. आमचा एक जुना माळी म्हणायचा, "साहेब, एका ताटात पुरणपोळी आणि सुकी मासळी वाढायची आहे काय?"

त्यात गोव्याचा पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. जून ते सप्टेंबर मैदान पाणीच पीत असतं. फुटबॉलचा हंगाम पावसाळ्यानंतर, क्रिकेटचा आंतरराष्ट्रीय हंगामही पावसाळ्यानंतर. दोघांनाही तेच सहा महिने हवेत. आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस कुणाचंच ऐकत नाही. बोर्डेकरांनी २०१० चं लिहिलंच आहे.

तिसरं म्हणजे आकार. क्रिकेटला गोल लागतो, फुटबॉलला लांबट चौकोन. दोन्ही बसवायचं तर प्रेक्षक फुटबॉलपासून लांब जातो. फुटबॉलवाले यावर कायम कुरकुरतात, आणि ते बरोबर आहे. कॉर्नर घेणाऱ्याच्या कानाशी ओरडता आलं नाही तर कसला फुटबॉल?

शंकासुर

दोन दुरुस्त्या. एक, फुटबॉलचा नेहरू कप १९८२ पासून होता, जन्मशताब्दीशी त्याचा संबंध नाही. क्रिकेटचा मात्र शताब्दीनिमित्तच. दोन, क्रिकेट गोव्यातून गेलं असं नका म्हणू. गोवा १९८५-८६ पासून रणजी खेळतो आणि पर्वरीच्या अकादमीत आजही सामने होतात. अर्जुन तेंडुलकरने २०२२ ला रणजी पदार्पणात शतक केलं ते पर्वरीलाच. फक्त आंतरराष्ट्रीय सामन्यांचं घर उरलं नाही.

बोर्डेकर

शंकासुरजी, दोन्ही मान्य. बाईंनी वही बाबांकडे पाठवली ती उगीच नव्हती.

नावेलीची

इथे सगळे पुरुष लिहिताहेत म्हणून मी लिहिते. :)

माझा नवरा कट्टर फुटबॉलवाला, मी लग्नाआधी फातोर्ड्याला फक्त बाहेरून पाहिलं होतं. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप आला तेव्हा पहिल्यांदा आत गेले. इराणने जर्मनीला ४-० ने हरवलं तो सामना. जर्मनी जिंकणार असं धरून मी मुलीच्या गालावर त्यांचा झेंडा रंगवला होता. अर्ध्या सामन्यात तिने तो पुसून टाकला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडच्या ब्रूस्टरने अमेरिकेविरुद्ध तीन गोल केले, तोही बघितला.

पण खरी गोष्ट २०२२ ची. मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप, आणि दोन्ही उपांत्य सामने एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, फातोर्ड्यात. कोलंबिया-नायजेरिया गोलशून्य, मग पेनल्टीवर कोलंबिया ६-५. त्यानंतर स्पेनने जर्मनीला १-० ने हरवलं. दिवाळी नुकतीच होती, घरात फराळाचे डबे, आणि आम्ही चार बायका चकल्या पिशवीत घालून स्टेडियमला. आत न्यायला दिल्या नाहीत, बाहेरच उभ्या राहून संपवल्या. नायजेरियाच्या मुली हरल्यावर मैदानावरच आडव्या पडून रडत होत्या. माझी मुलगी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मला बूट हवेत." आता ती गावच्या संघात राइट बॅक खेळते.

चौथा मजला

आमची इमारत स्टेडियमपासून जवळ. बाल्कनीतून दिव्यांचे खांब दिसतात, मैदान दिसत नाही. आवाज मात्र सगळा येतो. गोल झाला की आमच्या टीव्हीच्या आधी आम्हाला कळतो, टीव्ही काही सेकंद मागे असतो ना. त्यामुळे आमच्या घरी सामना बघणाऱ्या पाहुण्यांना सस्पेन्स असा मिळतच नाही.

म्हणून करोनाची दोन वर्षं विसरता येत नाहीत. २०२०-२१ ची अख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग) गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीन ठिकाणी, प्रेक्षकांशिवाय. दिवे लागलेले, मैदान उजळलेलं आणि आवाज शून्य. मग कान द्यायचो तेव्हा खेळाडूंच्या हाका ऐकू यायच्या. "मॅन ऑन!" "लाइन, लाइन!" मधेच एखादी सणसणीत शिवी, कुठल्या भाषेतली ते कळायचं नाही पण शिवी आहे हे कळायचं. चेंडूवर लाथ बसल्याचा ठप्प आवाजसुद्धा. तीस वर्षं तिथे राहून मी फुटबॉलचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

एप्रिल २०२१ ला एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा भारताचा पहिला क्लब ठरला, आणि ते सामनेही इथेच, रिकाम्या स्टेडियमात. कतारच्या अल रय्यानचा प्रशिक्षक लॉराँ ब्लाँ, १९९८ चा विश्वविजेता, फातोर्ड्याच्या बाकावर! सामना ०-० सुटला. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने हेडरने गोल केला तेव्हा आम्ही आघाडीवर होतो. जास्त वेळ टिकली नाही ती, हरलो. पण त्या रात्री आमच्या इमारतीतल्या प्रत्येक बाल्कनीतून ओरडले लोक. गेटवरच्या पोलिसाने वर बघून हात हलवला.

जुना गोलकीपर

हे सगळं वाचून राहवलं नाही. मी दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात गोलकीपर होतो, त्यामुळे माझी नजर नेहमी दोन खांबांमध्ये. गोव्याला गोलकीपरांची परंपरा आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कर्णधार होता, त्याला पाहून आम्ही हातमोजे घातले.

फातोर्ड्याची माझ्या दृष्टीने सर्वात मोठी गोष्ट एका माणसाची आहे, आणि ती दोन भागांत आहे. लक्ष्मीकांत कट्टीमणी. आपलाच गोंयकार, गोव्याचा पोरगा.

भाग पहिला, २० डिसेंबर २०१५. आयएसएलचा अंतिम सामना, फातोर्डा, झिको प्रशिक्षक असलेला एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. मी पश्चिमेच्या स्टँडमध्ये. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा २-१. शेजारचे अनोळखी लोक माझ्या गळ्यात पडले, एकाने माझा चष्मा मोडला, मी त्याला काही बोललो नाही. करंडक आलाच होता. ९० व्या मिनिटाला गोलसमोर गर्दी झाली आणि चेंडू कट्टीमणीकडूनच आत गेला. स्वयंगोल. २-२. दोन मिनिटांत मेंडोझाने तिसरा मारला. संपलं. इतकी माणसं असून इतकी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. चौथा मजला म्हणतात ती करोनाची शांतता वेगळी, तिथे माणसंच नव्हती.

लोकांनी त्याला काय काय नाही म्हटलं. मीही म्हटलं, खोटं का बोलू. आम्ही गोलकीपर लोक एकमेकांना माफ करत नाही.

भाग दुसरा, २० मार्च २०२२. पुन्हा आयएसएलचा अंतिम सामना, पुन्हा फातोर्डा. यावेळी प्रेक्षकांना परवानगी होती, आणि केरळमधून माणसांचा पिवळा लोंढा आलेला. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. गोवा मैदानात नाही, पण हैदराबादच्या गोलमध्ये कोण? कट्टीमणी. केरळने गोल केला. ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली साहिल तावोराने, तोही गोंयकार. मग पेनल्टी. आणि कट्टीमणीने एक नाही, दोन नाही, तीन अडवल्या. त्याच मैदानावर. हैदराबाद ३-१.

मी घरी टीव्हीसमोर उभा होतो. बायको म्हणाली, तुमचा संघ तर खेळतच नाही, रडताय कशाला? तिला समजावत बसलो नाही.

केपेंकर

@जुना गोलकीपर, बाब, वाचून गळ्यात आवंढा आला. चष्म्याचं मात्र खरं सांगतो, तो मी नव्हतो.

वऱ्हाडी ठेचा

मी नागपूरचा, फातोर्ड्याला एकदाच आलो, २६ ऑक्टोबर २०२३, ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या उद्घाटनाला. आमच्या जिल्ह्यातली पोरं महाराष्ट्राच्या पथकात होती. पंतप्रधान आले होते, बंदोबस्त जबरदस्त, पाण्याची बाटलीही आत नेता येईना. महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदकं घेऊन पहिला क्रमांक मिळवला, हे मुद्दाम सांगतो, कारण गोव्यातल्या धाग्यावर हे कोणी सांगणार नाही. ;)

एक प्रश्न. असे सोहळे झाले की स्टेडियमची डागडुजी होते. पण वर्षभर गावातल्या पोरांना त्याचा काय उपयोग? आमच्याकडे मोठी मैदानं लग्न-सभांना मिळतात, पोरं रस्त्यावर.

बोर्डेकर

@वऱ्हाडी ठेचा, अभिनंदन, कबूल. आणि प्रश्न रास्त आहे. फातोर्ड्याला प्रत्येक मोठ्या सोहळ्याने काहीतरी दिलं. २०१४ ला लुसोफोनिया स्पर्धा झाल्या, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देश-प्रदेशांच्या. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, मकाव, पूर्व तिमोर. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी तेव्हा पन्नास वर्षांनी कोणाशी तरी पोर्तुगीजमध्ये गप्पा मारल्या, बाजारात भेटलेल्या मोझांबिकच्या धावपटूशी. स्टेडियमला नवं रूप आलं ते त्या निमित्ताने. नंतर मुलांच्या वर्ल्ड कपसाठी पुन्हा काम झालं. आता बसायला सुमारे १९ हजार जागा. आमच्या पायऱ्या गेल्या, नवहिंद टाइम्सची गरजही गेली.

पण खेळाडू स्टेडियमात तयार होत नाहीत, हे माझं ठाम मत. ते बाणावलीच्या, वारकाच्या, आसोळण्याच्या शेतात आणि चर्चच्या पटांगणात होतात. फातोर्डा हे त्यांना डोळ्यापुढे दिसणारं ठिकाण. आज चिंता त्या शेतांची आहे. तिथे इमारती उठताहेत. आणि २०१२ ला खाणी बंद पडल्यावर क्लबांमागचा पैसा आटला, २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. सहा वर्षं सलग देश जिंकणारं राज्य, सर्वोच्च पातळीवर बघता बघता एका एफसी गोवावर आलं. स्टेडियम चकचकीत झालं आणि त्याच काळात क्लब गेले. या दोन गोष्टी एकमेकींमुळे झाल्या असं मी म्हणत नाही, पण दुखतं.

हिरवळ

शेतांबद्दल +१. भाताच्या शेतातली जमीन खेळायला सगळ्यात चांगली, कापणीनंतर नैसर्गिक उतार आणि पाण्याचा निचरा तयारच असतो. लाखो रुपये घालून आम्ही जे करायचो ते तिथे फुकट.

चौथा मजला

कोणी रोनाल्डोचं लिहिलंच नाही! २२ ऑक्टोबर २०२५, त्याचा सौदी क्लब अल नस्र फातोर्ड्यात. महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. आमच्या खालच्या न्हाव्याने दुकानात सातची जर्सी लावली. गडी आलाच नाही. बाकी संघ आला, त्यांनी २-१ ने हरवलं, पण गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिसचा. न्हाव्याने दुसऱ्या दिवशी जर्सी उतरवली आणि म्हणाला, "ब्रायसनची खंय मेळटा?" (कुठे मिळते?)

पेठी पुणेकर

हाहा. बोर्डेकर, पुढच्या महिन्यात मडगावला येतोय, दोन दिवस. एफसी गोवाचा घरचा सामना असेल तर बघायची इच्छा आहे. कुठल्या स्टँडचं तिकीट काढू?

बोर्डेकर

संध्याकाळचा सामना असेल तर पश्चिमेला बसा, उन्हाकडे पाठ राहते. पूर्वेला गोंगाट जास्त, डोळ्यांवर ऊन पण मजा तिकडे. केटीसी स्टँडवर उतरा, चालतच या, पार्किंगच्या भानगडीत पडू नका.

जुना गोलकीपर

आणि चष्मा खिशात ठेवा.